आधी ग्लोव्ह, मग बॅट

मुलांच्या सॉफ्टबॉलच्या साहित्यावर होणाऱ्या खर्चाविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे आणि तिची शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवड झाली आहे. दुकानदाराने बॅट, ग्लोव्ह, हेल्मेट, बूट, अर्धा डझन चेंडू, फलंदाजीचे हातमोजे आणि किटबॅग अशी यादी हातात ठेवली. आम्ही जास्तीत जास्त 5000 रुपये खर्च करू शकतो. एवढ्यात सगळे बसेल का? — एक पालक, जळगाव

सगळे बसवण्याचा प्रयत्नच करू नका, कारण यादीतील निम्म्या वस्तू पहिल्या वर्षी तुमच्या मुलीच्या स्वतःच्या असण्याची गरज नाही. बॅट ही संघात वाटून वापरण्याची वस्तू आहे. सात डावांच्या सामन्यात एका खेळाडूच्या वाट्याला फलंदाजीच्या साधारण तीन-चार संधी येतात आणि बहुतेक शाळांत सगळा संघ दोन-तीन बॅटींवर खेळतो. ग्लोव्ह मात्र क्षेत्ररक्षणाच्या प्रत्येक डावात आणि सरावाच्या प्रत्येक तासाला हातात असतो, तो हळूहळू त्या एकाच हाताचा होत जातो आणि दुसऱ्याच्या हाताला सरावलेल्या ग्लोव्हमध्ये नवशिक्या मुलीला चेंडू धरून ठेवणे जड जाते. तरीही पालक दुकानात शिरले की आधी चकचकीत बॅटीकडे वळतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो ग्लोव्ह उचलतात. हा क्रम उलटा करा, एवढेच माझे पहिले सांगणे आहे.

5000 रुपयांपैकी 2000 ते 2500 रुपये ग्लोव्हसाठी बाजूला काढा. त्यानंतर हेल्मेटचा विचार करा. फलंदाज आणि धावपटू यांना दोन्ही कान झाकणारे हेल्मेट घालावेच लागते, त्यामुळे संघाकडे ते असतेच. प्रश्न ते तुमच्या मुलीच्या डोक्याला बसते का, एवढाच आहे. हेल्मेट घालून तिला मान जोरात डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा. ते डोक्यावर फिरत असेल किंवा डोळ्यांवर येत असेल, तर स्वतःचे घ्या आणि तेथे काटकसर करू नका. उरलेल्या रकमेत बूट आणि सरावाचे दोन चेंडू होतात. फलंदाजीचे हातमोजे आणि किटबॅग पुढच्या वर्षावर ढकला. तोवर शाळेचे जुने दप्तर किटबॅगेचे काम करील.

बॅट घ्यायचीच झाली (काही दुकानांत ती ‘स्लगर’ या नावाने मागावी लागते), तर साधी ॲल्युमिनियमची, एकाच सलग नळीची बॅट पुरे. गणवेश वाढत्या अंगाचा घेण्याची आपली सवय बॅटीच्या बाबतीत महागात पडते. जड बॅट फिरवताना मूल कोपर खाली पाडते, फटका उशिरा बसतो आणि ती चुकीची सवय मोडण्यात पुढे वर्ष जाते. दुकानात एक सोपी परीक्षा घ्या : मुलीला बॅट एका हातात मुठीजवळ धरून हात बाजूला, खांद्याच्या रेषेत सरळ ठेवायला सांगा. वीस-पंचवीस सेकंदांच्या आत हात थरथरू लागला किंवा खाली आला, तर बॅट जड आहे. अकरा-बारा वर्षांच्या मध्यम उंचीच्या मुलीला बहुधा 29 ते 31 इंचांची बॅट पुरते. नियमाप्रमाणे कमाल लांबी 34 इंच असली, तरी ती मोठ्या खेळाडूंची बाब आहे.

प्रश्न : ग्लोव्ह निवडताना नेमके काय पाहावे? दुकानात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांचे ग्लोव्ह एकाच खोक्यात ठेवलेले असतात आणि दुकानदार म्हणतो की दोन्ही सारखेच. — एक पालक, छत्रपती संभाजीनगर

सारखे नाहीत, आणि याचे कारण चेंडूत आहे. स्पर्धेतील सॉफ्टबॉलचा परीघ 12 इंच असतो, तर बेसबॉलचा 9 इंचांहून किंचित अधिक. बेसबॉलसाठी शिवलेल्या ग्लोव्हचा खळगा उथळ व अरुंद असतो, त्यात मोठा चेंडू पुरता बसत नाही आणि टप्पा खाऊन आलेला तर हमखास निसटतो. त्यामुळे ग्लोव्ह घ्यायला जाताना 12 इंची चेंडू बरोबर न्या आणि तो खळग्यात बसवून, ग्लोव्ह मिटवून पाहा.

ग्लोव्हचे माप तर्जनीच्या टोकापासून खळग्यातून तळव्याच्या टाचेपर्यंत घेतात. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना साधारण साडेअकरा ते बारा इंचांचा ग्लोव्ह ठीक असतो आणि तो तीन-चार हंगाम चालतो. येथे थोडे मोठे माप घेतले तरी चालते, मात्र मनगटावरचा पट्टा आवळता येण्यासारखा हवा. अजून खेळण्याची जागा ठरलेली नसेल, तर पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा किंवा कॅचरचा (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूचा) खास मिट, म्हणजे बोटे वेगळी नसलेला ग्लोव्ह, घेण्याच्या भरीला पडू नका, कारण जागा बदलली की तो कपाटात पडून राहतो. आणखी एक चूक मी दर वर्षी पाहतो. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या मुलाचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो, पण घाईत पालक ‘उजव्या हाताचा’ म्हणून मागतात आणि घरी उजव्या पंजात घालायचा ग्लोव्ह येतो. दुकानात मूल बरोबर असले की हा घोटाळा होत नाही.

कातडे अस्सल असले तर नवा ग्लोव्ह ताठ असतो आणि मुलांना तो आवडत नाही; हाताला लगेच मऊ लागणारे स्वस्त कृत्रिम कातडे त्यांना पसंत पडते, परंतु वर्षभरात त्याच्या घड्या फाटतात. ताठ ग्लोव्ह नरम करण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे. रोज अर्धा तास चेंडूची फेकाफेक करावी आणि रात्री खळग्यात चेंडू ठेवून, ग्लोव्ह दोरीने बांधून ठेवावा. तो पाण्यात भिजवण्याचा किंवा तव्यावर गरम करण्याचा जो सल्ला काही जण देतात, त्याने कातडे तडकते.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो आणि दिवाळीला येणार आहे. तेथून बॅट मागवणे स्वस्त पडेल का? — एक पालक, नाशिक

पडू शकते, पण भावाला नेमकेपणाने सांगावे लागेल. अमेरिकेत सॉफ्टबॉलचे दोन प्रकार शेजारी शेजारी खेळले जातात. एक वेगवान चेंडूफेकीचा फास्टपिच आणि दुसरा सावकाश, उंच कमानीत टाकलेल्या चेंडूचा स्लोपिच. आपल्याकडील शालेय स्पर्धा फास्टपिचच्या आहेत. स्लोपिचच्या बॅटी बहुतेक 34 इंची आणि प्रौढांच्या वजनाच्या असतात. त्या मुलांच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणून बॅटीवर ‘फास्टपिच’ हा शब्द आणि सव्वादोन इंचांचा व्यास पाहूनच घ्यायला सांगा, कारण त्याहून जाड बॅट सॉफ्टबॉलच्या नियमात बसत नाही. बेसबॉलची बॅट बहुधा येथेच अडकते.

तेथील कंपन्या दर वर्षी नवे मॉडेल काढतात आणि ते आले की आदल्या वर्षीचे मॉडेल मोठ्या सवलतीत निघते. रंग बदलतो, ॲल्युमिनियमच्या साध्या बॅटीत त्यापलीकडे फारसे बदलत नाही. ‘प्ले इट अगेन स्पोर्ट्स’सारख्या वापरलेल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतही मुलांना लहान झालेल्या बॅटी व ग्लोव्ह मिळतात. माझ्या मते भावाला बॅटीऐवजी तेथून चांगला ग्लोव्ह आणायला सांगावे. तो वजनाला हलका असतो, कपड्यांच्या बॅगेत कोठेही मावतो आणि दर्जातील फरकही ग्लोव्हमध्येच सर्वाधिक जाणवतो. बॅट आणलीच तर ती सामानात जमा करावी लागेल. विमानात हातातल्या बॅगेतून बॅट नेऊ देत नाहीत. हजारो मैलांवरून आणलेल्या बॅटीची वॉरंटी येथे कामाला येईल, असेही धरून चालू नका.

प्रश्न : संघातील मोठी मुलगी तिची कॉम्पोझिट (धातूऐवजी कार्बनसारख्या तंतूंच्या थरांची) बॅट निम्म्या किमतीला विकत आहे. घ्यावी का? — एक खेळाडू, अमरावती

तपासून घे. ॲल्युमिनियमची बॅट जुनी झाली की पोचे पडतात आणि ते डोळ्यांना दिसतात. कॉम्पोझिट बॅट आतून तडकते आणि बाहेरून बरेच दिवस नवीसारखी दिसते. बॅट कानाजवळ धरून हलव. आत काही खुळखुळत असेल तर विषय संपला. चेंडू लागतो त्या जाड भागावर सर्व बाजूंनी नाण्याने हलके ठोकत जा. एखाद्या जागी आवाज मधेच बद्द झाला, तर तेथे तडा असण्याची शंका घ्यावी. जाड भागावरून नख फिरवून केसासारख्या रेषा शोध, टोकाची टोपी सैल नाही ना हे पाहा आणि पंचांकडे व्यास तपासण्याची कडी असेल तर बॅट तिच्यातून सरकते का, तेही बघ. सरावातले दहा चेंडू मारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पाण्यात भिजून जड झालेल्या किंवा यंत्रातून फेकायच्या खळगीदार कडक चेंडूंवर ही बॅट वापरली होती का, हेही विचार. अशा चेंडूंनी कॉम्पोझिट बॅट लवकर जाते.

मुठीवरची पट्टी झिजली असेल, तर तेवढ्यासाठी सौदा मोडू नकोस. टेनिसच्या रॅकेटला लावतात तशी खरखरीत पट्टी गुंडाळता येते. विजेच्या कामाची गुळगुळीत चिकटपट्टी मात्र नियमात बसत नाही. पकडीचा भाग किमान 10 इंच असावा लागतो आणि मुठीकडील टोकापासून 15 इंचांच्या पुढे जाता कामा नये.

वापरलेले हेल्मेट, उलट, अनोळखी माणसाकडून कधीही घेऊ नये. त्याने किती मार खाल्ला आहे ते बाहेरून कळत नाही, आणि कोणी हौसेने रंगवलेले असेल तर रंगातल्या द्रावणाने त्याचे कवच कमकुवत झालेले असू शकते.

प्रश्न : घरात मोठ्या मुलाचे क्रिकेट आणि फुटबॉलचे साहित्य पडून आहे. त्यातले काय चालेल? — एक पालक, सोलापूर

फुटबॉलचे रबरी किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्यांचे बूट खुशाल वापरा. धातूचे खिळे असलेले क्रिकेटचे बूट मुलांना देऊ नका, कारण बेसवर घसरत येताना दुसऱ्याचा पाय फाटतो. मुलग्यांसाठी क्रिकेटचा ॲबडॉमिनल गार्ड चालतो आणि घसरण्याच्या सरावाला व्हॉलीबॉलचे नीकॅप उत्तम. क्रिकेटच्या जाड ग्लोव्हज घालून सॉफ्टबॉलची बॅट नीट धरता येत नाही. यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजचा तर प्रश्नच येत नाही, कारण कॅचरचा फेकण्याचा हात मोकळा हवा.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात नव्या ग्लोव्हला बुरशी लागली आणि तो टाकून द्यावा लागला. — एक पालक, रत्नागिरी

टाकायला नको होता. बुरशी वरवरची असेल तर कोरड्या फडक्याने पुसून, सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस ठेवल्यास ग्लोव्ह वाचतो. कोकणात पावसाळाभर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हेच बुरशीचे खरे कारण असते. ओला झालेला ग्लोव्ह आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. हंगामात एकदा ग्लोव्हच्या तेलाचे दोन-चार थेंब फडक्याने चोळले की पुरे, कारण जास्त तेलाने ग्लोव्ह लिबलिबीत व जड होतो. वादी तुटली म्हणजेही ग्लोव्ह संपला नाही. गावातला मोची कातड्याची वादी नव्याने ओवून देतो. फक्त जुनी वादी कशी ओवलेली होती, त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

प्रश्न : मी ग्रामीण शाळेत क्रीडा शिक्षक आहे. चौदा वर्षांखालील मुलींचा संघ उभा करायचा आहे, पण शाळेकडे सॉफ्टबॉलसाठी फारच थोडा निधी आहे. सुरुवात कोठून करावी? — एक शिक्षक, बुलढाणा

सर, कॅचरच्या संचापासून. मुखवटा, गळ्याचे संरक्षण, छातीचे कवच आणि लेग गार्ड यांशिवाय एकाही मुलीला वेगवान चेंडूमागे बसवू नये, आणि हा खर्च पालकांवर टाकणेही बरोबर नाही, कारण कॅचर बदलत राहते आणि संच शाळेत राहतो. त्यानंतर दोन वेगवेगळ्या मापांची चार हेल्मेट घ्यावीत : एक फलंदाजासाठी आणि तीन बेसवरच्या धावपटूंसाठी. बॅटी वेगवेगळ्या लांबीच्या दोन पुरतात. चेंडू आणि बॅटी तालुक्याच्या दुकानातून किरकोळीने घेण्यापेक्षा आसपासच्या तीन-चार शाळांनी मिळून एकच मागणी मेरठ किंवा जालंधरच्या उत्पादकाकडे नोंदवावी. देशातले बरेच क्रीडासाहित्य याच दोन शहरांत तयार होते आणि मागणी मोठी असली की भावावर बोलता येते. आधी एक-एक नमुना मागवून, चेंडू दोनशे वेळा मारून तो अंडाकृती होत नाही ना, हे पाहूनच पूर्ण मागणी द्या. चेंडूचे वजन 178 ते 198 ग्रॅमच्या दरम्यान भरले पाहिजे, आणि त्यासाठी किराणा दुकानातला काटा पुरतो.

फलंदाजीच्या सरावाचा टी (ज्यावर चेंडू ठेवून फटका मारतात तो खांब) विकत घेऊ नका. पीव्हीसीचा कंबरेएवढा पाइप, सिमेंट भरलेला तेलाचा डबा आणि वर मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा एवढ्यात तो उभा राहतो. पकडण्याचा सराव सुरुवातीचा महिनाभर टेनिसच्या चेंडूने, उघड्या हातांनी, शाळेच्या भिंतीवर फेकून घ्या. तेवढ्यात कोण टिकणार हे कळते, आणि ज्या मुली टिकतात त्यांच्या पालकांना ग्लोव्हपुरता खर्च करायला सांगताना तुम्हालाही संकोच वाटत नाही. संघ सोडणाऱ्या किंवा वयोगट ओलांडणाऱ्या मुलींचे ग्लोव्ह शाळेने ठरावीक किमतीला परत घेऊन नव्या मुलींना त्याच किमतीत द्यावेत. त्यासाठी एक वही ठेवा आणि प्रत्येक ग्लोव्हच्या पट्ट्यावर आतल्या बाजूने क्रमांक व वर्ष लिहा. डाव्या हाताने फेकणारी मुलगी आली तर तिच्यासाठी मात्र नवाच ग्लोव्ह मागवावा लागेल. वहीत तसा एखादा सापडलाच, तर तो कोणालाही विकू न देता शाळेतच ठेवा.