मर्केलबाई सोळा वर्षं होत्या, पण बाळाची रजा कोण घेणार?

"ताई, आमचे हे म्हणतात, ज्या देशात बाई सोळा वर्षं चॅन्सलर होती तिथं आणखी कसली समानता हवीय? आताचा स्त्रीवाद म्हणजे नुसता कांगावा आणि पुरुषांवर राग. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. या प्रगत देशांत स्त्रीवादामुळे खरंच काही पुढे सरकतंय का?"

पत्र जर्मनीतल्या स्टुटगार्टहून आलंय. लिहिणारी नंदगडची, नवरा निपाणीचा, मुलगा पाच वर्षांचा, आणि दिवाळीच्या सुमाराला दुसरं बाळ. पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण मी एकालाच धरून बसणार. नेहमीच्या वाचकांना माझी खोड माहीत आहे.

अगं, आधी तुझ्या नवऱ्याच्या त्या चॅन्सलर, म्हणजे तिथल्या पंतप्रधानच, मर्केलबाई. त्या वाढल्या पूर्व जर्मनीत. तिथं बाईने नोकरी करणं आणि पोराला पाळणाघरात ठेवणं रोजचंच होतं. पश्चिमेकडे, म्हणजे तुम्ही राहता त्या भागात, कायदा सांगत होता की बायकोने नोकरी करावी, पण घरसंसाराच्या कर्तव्यांत बसत असेल तरच. ते कलम गेलं 1977 मध्ये. माझी आई तेव्हा शहापुरात शाळेत शिकवायची आणि घरी येऊन सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची. तिला कायद्याने अडवलं नव्हतं, भाकऱ्यांनी अडवलं होतं. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं ते 1971 मध्ये. यातलं काही आपोआप झालेलं नाही. ज्या बायकांनी ते करून घेतलं त्यांनाही त्या वेळी लोक कांगावखोरच म्हणत.

आइसलँडचं सांगते. 24 ऑक्टोबर 1975 ला तिथल्या जवळजवळ 90 टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, नोकरीतलंही आणि घरातलंही. बापे पोरांना कडेवर घेऊन ऑफिसात गेले. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला आणि 1980 मध्ये देशाने बाईला राष्ट्राध्यक्ष निवडून दिलं. 2023 मध्ये त्याच तारखेला बायकांनी पुन्हा काम बंद केलं, तेव्हा त्यात खुद्द पंतप्रधानबाई सामील होत्या. या बाबतीत सगळ्यांत पुढे मानलेल्या देशातल्या बायकांनाही अजून पुरे झालंय असं वाटत नाही, हे तुझ्या नवऱ्याला जेवताना सांग. भांडू नको, नुसतं सांग.

आता तुझं घर. जर्मनीत 2024 मध्ये बाईची तासाची कमाई पुरुषापेक्षा सरासरी 16 टक्के कमी होती. त्यातला मोठा भाग अर्धवेळ नोकऱ्या आणि कमी पगाराचे पेशे यांमुळे. क्लॉडिया गोल्डिनबाईंना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनीही दाखवलंय की शिक्षण बरोबरीचं झालं तरी पहिलं मूल झालं की नवराबायकोच्या पगारांच्या वाटा फुटतात. आणि तू पत्रात जाता जाता काय लिहिलंयस? "रजा मीच बारा महिने घेणार, यांचा पगार जास्त आणि ऑफिसातही बरं दिसत नाही." अगं बाई, सगळ्या प्रश्नाचं उत्तर या ओळीत आहे, आणि ती तू सासूबाईंच्या व्हिसाचं विचारण्याआधी उरकून टाकलीस!

2007 पासून तुमच्याकडे एल्टर्नगेल्ड आहे, म्हणजे बाळासाठी रजा घेणाऱ्या आईबापांना सरकारकडून मिळणारा भत्ता. एकाला जास्तीत जास्त बारा महिने, पण दुसऱ्यानेही निदान दोन महिने घेतले तर मिळून चौदा. ते वरचे दोन घेतले नाहीत तर बुडाले. महिन्याला कमाल 1,800 युरो. सुपरमार्केटात दोन युरो वाचवायला कूपनं कापणारी आपली माणसं हे सरळ सोडून देतात, कारण काय, तर बरं दिसत नाही! आणि तू करवर्ग पाचमध्ये, तो तीनमध्ये, हेही लिहिलंयस. म्हणजे दर महिन्याला पगारातून कर तुझा जास्त कापतात, त्याचा कमी. तुझा हातात पडणारा पगार आधीच आखडलेला, आणि एल्टर्नगेल्ड मोजतात त्यावरूनच. वर्ग बदलायचा असेल तर आजच विचार, उशिरा केलेला बदल धरत नाहीत. नवऱ्याने रजा सुरू होण्याच्या सात आठवडे आधी ऑफिसला लेखी कळवायचं. आता पहिल्या वर्षात दोघांना एकत्र घेता येतो तो एकच महिना. मला हा नियम आवडतो, कारण दुसरा महिना त्याला बाळाबरोबर एकट्याने काढावा लागेल.

एकट्याने, यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. आम्ही गोथेनबर्गला होतो. स्वीडनने 1974 मध्येच आईची रजा आईबापांची केली होती, पण बापे ती घेत नव्हते. 1995 मध्ये एक महिना बापासाठी राखून ठेवला आणि मग घ्यायला लागले. आता असे नव्वद दिवस राखीव आहेत. आमच्या ह्यांनी रजा घेतली तेव्हा सासूबाईंनी खानापूरहून फोन केला, "नोकरी गेली काय रे तुझी? खरं सांग." पहिल्या आठवड्यात हे मला ऑफिसात सारखे फोन करायचे: पेजेला तांदूळ किती, डायपरची मोठी पिशवी कुठं, हा रडतोय तो झोपेला की भुकेला? पुढे फोन बंद झाले. एकदा घरी आले तर पोराला ताप, औषध देऊन झालेलं, कपाळावर पट्टी, आणि मला काही विचारलं नव्हतं. आता पोरगा कॉलेजात आहे. पोट दुखलं तरी फोन बापाला करतो. मला जरा रागच येतो, पण ते असू दे.

तुझ्या नवऱ्याचं थोडं खरंही आहे. आठ मार्चला ऑफिसात गुलाबी कप वाटणं, बड्या कंपन्यांच्या मंडळांवर चार बायका बसवून फोटो काढणं, याचा ऑफिस झाडायला येणाऱ्या बाईला काही उपयोग नाही. ती बहुतेक आपल्यासारखीच बाहेरून आलेली असते. आणि देश श्रीमंत आहे म्हणून सगळं होतं असंही नाही. अमेरिकेत देशभर लागू असलेली पगारी बाळंतपणाची रजा आजही नाही. 1993 च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात तेही बिनपगारी, आणि तेही सगळ्यांना नाही. माझी मावसबहीण तिथं एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या पण तिला काम करू न देणाऱ्या व्हिसावर, इंजिनिअरिंगची पदवी कपाटात ठेवून बसली होती. तिच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. म्हणून माझं मत असं, की जो स्त्रीवाद कायद्यात आणि पगाराच्या चिठ्ठीत उतरतो तोच पुढे नेतो. बाकी गलका चालू द्यावा, त्याच्यावरून घरात भांडू नये.

आणखी एक ओळ तू अशीच सहज टाकलीयस: "मे महिन्यात गावी येतोय, दादाने हक्कसोडीचे कागद तयार ठेवलेत, सही केली की मी मोकळी." कशातून मोकळी? कर्नाटकाने 1994 मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी. सीमाभागात दोन्ही सरकारांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असावी! 2005 मध्ये ते देशभर झालं, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे. ते कागद कन्नडमध्ये असणार आणि तुला कन्नड वाचता येत नाही. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात लायनीत उभी राहून, दादा बोट ठेवेल तिथं सही करणार? आधी उताऱ्याची प्रत माग, तुझ्या ओळखीच्या वकिलाकडून सगळं वाचून घे, आणि या खेपेला सही करू नको. मग दादाला द्यायचंच असेल तर समजून उमजून दे. माझ्या दोन्ही आत्यांनी साडीचोळीवर सही केली. त्यांतली एक म्हातारपणी भावाच्याच घरी पाहुणी म्हणून राहिली.

बाकीचं थोडक्यात. मुलगा मराठीत उत्तर देत नाही, नको देऊ दे, तू मराठीतच बोलत राहा. सासूबाईंच्या व्हिसाला 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागेल आणि राहता येईल नव्वद दिवस. त्यांना बाळंतपणाला बोलाव, पण नवऱ्याच्या एकट्याच्या महिन्यात नको. त्या घरात असल्या तर तो पोराला हात लावायचा नाही.