पाय मोडला ड्युटीवर आणि कंपनी म्हणते तुम्ही तर पार्टनर!

प्रश्न : नमस्कार ताई, मी दोन वर्षं पार्सल डिलिव्हरीची व्हॅन चालवतोय. मागच्या महिन्यात एका बिल्डिंगच्या ओल्या जिन्यावरनं उतरताना घसरलो, हातात मोठा खोका होता, घोट्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवलीये. सुपरवायझर म्हणतो चूक तुमचीच, चपला घालून आला होतात, आणि तसंही तुम्ही आमचे कामगार नाहीच, करारात ‘स्वतंत्र पार्टनर’ लिहिलंय, खाली तुमची सही आहे. इन्कम झिरो झालंय. काही मिळेल का, की सोडून देऊ?

उत्तर : सोडून अजिबात देऊ नका. आधी ते चपलांचं डोक्यातनं काढा. कामगार भरपाईच्या कायद्यांचा पायाच हा आहे की चूक कुणाची हे सहसा बघायचं नाही. पूर्वी मालकाची चूक कामगाराने कोर्टात सिद्ध करायची आणि मालक म्हणायचा तुझंच लक्ष नव्हतं, की विषय संपला. मग जर्मनीत 1884 ला, ब्रिटनमध्ये 1897 ला, भारतात 1923 ला कायदे आले आणि प्रश्न एवढाच उरला की इजा कामामुळे, कामावर असताना झाली का. दारू पिऊन गाडी चालवली, सुरक्षेचा नियम मुद्दाम धुडकावला, तर गोष्ट वेगळी. पण घसरणं म्हणजे काही नियम मोडणं नाही, आणि शूज घालायलाच हवे होते असं कंपनी म्हणाली तर शूज दिले होते का, तसं लेखी सांगितलं होतं का, हे त्यांनाच विचारा.

आता पार्टनर. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठीच पडते, पार्टनर असाल तर नफ्यातला वाटा कुठंय? कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं हे बऱ्याच ठिकाणची कोर्टं बघतात. रूट कोण ठरवतं, ऑर्डर नाकारली तर रेटिंग पडतं का, दर कुणाचा, तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं का. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये डायनामेक्स नावाच्या डिलिव्हरी कंपनीच्याच ड्रायव्हरांच्या केसमध्ये सांगितलं की ड्रायव्हर स्वतंत्र आहे हे कंपनीने सिद्ध करायचं : कामावर तिचा ताबा नाही, काम तिच्या मूळ धंद्याबाहेरचं आहे, आणि माणसाचा खरंच स्वतःचा वेगळा धंदा आहे. तिन्ही जमलं पाहिजे. डिलिव्हरी कंपनीने डिलिव्हरी हा आमचा धंदाच नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण हुरळून जाऊ नका, तिथेच 2020 मध्ये मतदारांनी ॲपवरच्या ड्रायव्हरांना यातून बाहेर काढलं आणि त्यांच्यासाठी वेगळा अपघात विमा आला. स्पेनने 2021 मध्ये उलटं केलं, ॲपवरचे डिलिव्हरीवाले कर्मचारीच धरायचे असं ठरवलं. भारताच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कर्मचाऱ्यांची भरपाई एका प्रकरणात आणि गिग कामगारांच्या (म्हणजे पगारावर नसलेल्या, कामाप्रमाणे पैसे घेणाऱ्यांच्या) योजना दुसऱ्याच प्रकरणात आहेत. म्हणून दोन्हीकडे बघा, कर्मचारी म्हणून दावा बसतो का ते आणि कंपनीने तुमच्या नावाने अपघात विमा काढलाय का तेही, तो असूनही कित्येकांना माहीतच नसतो.

आजच्या आज ॲप उघडा आणि त्या दिवसाच्या ऑर्डर, वेळ, लोकेशन, सहा महिन्यांची कमाई, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, कारण उद्या आयडी ब्लॉक झाला तर ‘त्या वेळी ड्युटीवर होतो’ हे कशावरून दाखवणार? सुपरवायझरशी फोनवर बोललात ते हवेत गेलं, तेच आता मेल किंवा मेसेजने लेखी कळवा. आणि दवाखान्याचा पहिला कागद बघा. तिथे नुसतं ‘पडल्याने फ्रॅक्चर’ असेल तर काम करताना पडलो हे डॉक्टरांना सांगून नोंदवून घ्या. मुदतीचं तर फारच सांभाळा, कॅलिफोर्नियात मालकाला 30 दिवसांत कळवावं लागतं, भारताच्या 1923 च्या कायद्यात दाव्याला दोन वर्षं होती, म्हणजे ओळखीच्या कुणाला वेळ मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेल असं नाही.

अजून एक, जिना ओला का होता? बिल्डिंगवाल्यांचा निष्काळजीपणा असेल तर त्यांच्यावर वेगळा दावा होऊ शकतो. तिथे मात्र चूक दाखवावी लागते, आणि तिकडनं पैसे मिळाले तर भरपाई देणारा (तुमची कंपनी किंवा तिचा विमावाला) त्यातनं आपला हिस्सा मागू शकतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा अपघात वगैरे काही नाही, पण रोज जड खोके उचलून पाठीचा मणका गेलाय. याचं काही होतं का?

उत्तर : होऊ शकतं, पण जास्त चिकाटी लागते. एकच तारीख नसलेली, हळूहळू झालेली इजा बऱ्याच देशांत धरतात, फक्त दुखणं कामामुळेच आलंय असं डॉक्टरांचं लेखी मत लागतं आणि समोरचे म्हणणारच की वयामुळे झालं. रोज किती खोके, साधारण किती वजनाचे, लिफ्ट नसलेले किती मजले, हे सगळं लिहून घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसतं ‘पाठ दुखते’ सांगितलंत तर तेही तेवढंच लिहितात.

प्रश्न : ऑर्डर देऊन झाली होती, पुढची यायची वाट बघत थांबलो असताना मागनं गाडीने ठोकलं. हे ड्युटीत धरतात का?

उत्तर : खरा वाद इथेच होतो. ॲप ऑन ठेवून ऑर्डरची वाट बघणं हे काम आहे असं माझं स्पष्ट मत, पण कित्येक विमा पॉलिसी ऑर्डर घेतल्यापासून ती पोचवेपर्यंतच चालतात. मधेच स्वतःच्या कामाला वळला असाल तर अजून अवघड, लघवीला किंवा पाणी प्यायला थांबला असाल तर सहसा अडत नाही. पॉलिसीत ‘ऑनलाइन’ लिहिलंय की ‘ऑर्डरवर’, तो शब्द शोधा आणि मला कळवा. आणि ठोकणाऱ्याच्या गाडीचा नंबर घेतलाय ना?