सीटचा सेन्सर बदलायचा की दिवा घालवायचा?

प्रश्न: सात वर्षं जुन्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागलाय. सर्व्हिस सेंटर पुढच्या प्रवासी सीटचा अख्खा सेन्सर संच (सीटवर कोण बसलंय ते वजनावरून ओळखणारा) बदलायला सांगतंय. गॅरेजवाला त्याच्या दहाव्या हिश्श्यात एम्युलेटर, म्हणजे सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारं उपकरण, बसवून देतो म्हणतो. वर्षभरात गाडी विकायची आहे. आपत्कालीन निधी मोडू का?

उत्तर: मोडा, पण संचाचे पैसे आजच मोजू नका. आधी फक्त तपासणीचे द्या आणि स्कॅनरवर आलेला फॉल्ट कोड लेखी घ्या. सीट मागेपुढे सरकवताना खालच्या वायरिंगला ओढ बसते, पिवळा कनेक्टर सैल होतो, आणि तेवढ्यानेही दिवा लागतो. तसं असेल तर काम मजुरीत भागतं. चासी नंबरवर रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालाय का तेही विचारा.

कनेक्टर घरी हलवून बघू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावरही एअरबॅग सिस्टिमच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबावंच लागतं. एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर लावणं तर नाहीच. मीटरच्या करंटनेही बॅग फुटू शकते. कनेक्टर सुटा असताना इग्निशन दिलं, तर नवा कोड नोंदला जातो.

गादीतली सेन्सर मॅटच गेली असेल तर खर्च खरा आहे. बऱ्याच गाड्यांत गादीचा फोम, मॅट आणि कंट्रोल युनिट एकत्र कॅलिब्रेट होऊन (मापं एकमेकांशी जुळवून) येतात. नुसती मॅट बदलली की वजन चुकीचं वाचलं जाऊ शकतं. भंगारातली सीट स्वस्त पडते, पण ती बुडालेल्या किंवा ठोकलेल्या गाडीची नाही हे कोण सांगणार? बिलावर ‘रिकाम्या सीटवर झिरो कॅलिब्रेशन’ लिहिलेलं असेल तरच पैसे चुकते करा.

एम्युलेटरचा विचार सोडा. तो सिस्टिमला कायम एकच उत्तर देतो. ‘मोठा माणूस बसलाय’ असं सांगत राहिला तर सीटवर लहान मूल असतानाही अपघातात बॅग फुटेल. शिवाय दोष लपवून गाडी विकली की वाद तुमच्याच दारी.

विक्रीचा हिशेब असा करा: दिवा लागलेली गाडी, दोष उघड सांगून, आज किती रकमेला जाते आणि दुरुस्त केलेली किती रकमेला, हे दोन-तीन खरेदीदारांना विचारा. फरक बिलापेक्षा कमी असेल तर वर्षभर न थांबता आत्ताच विका. जास्त असेल तर दुरुस्ती करा आणि निधी पुढच्या तीन-चार महिन्यांच्या बचतीतून भरून काढा. क्रेडिट कार्डाचा हप्ता मात्र नको. गाडी विकल्यावरही तो फेडत बसाल.

दिवा लागलेला असताना इतर एअरबॅगही बंद असू शकतात. दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या प्रवासी सीटवर कुणालाच बसवू नका, आणि शक्य तितकी कमी चालवा.