सॉनिक २ खेळायला घेताना

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवरच्या १९९२ च्या ‘सॉनिक द हेजहॉग २’ या गेमपासून तुम्ही सुरुवात करत आहात, याचा मला मनापासून आनंद झाला. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे उजव्या दिशेचे बटण सतत दाबून धरणे, कारण त्या वेगात पुढचे काटे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आधी स्पिन डॅश, म्हणजे जागेवरच गोल फिरून वेगाने सुटण्याची चाल, हातात बसवा, जो याच भागात नव्याने आला: खालच्या दिशेचे बटण धरून उडीचे बटण दोन-तीनदा दाबा आणि मग खालचे सोडा, म्हणजे चढासाठी मागून धाव घ्यावी लागत नाही.

अंगावर वाटेत गोळा केलेली एक जरी रिंग (सोनेरी कडे) असली तरी शत्रूच्या धक्क्याने जीव जात नाही, फक्त रिंगा सांडतात, म्हणून सांडलेल्या सगळ्या रिंगांमागे न धावता एक-दोन उचला. खोल दरीत पडल्यास किंवा बुडल्यास मात्र रिंगांचा उपयोग नाही.

केमिकल प्लांट या विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात जांभळट द्रव खालून चढत येतो आणि सरकत्या ठोकळ्यांवर घाईने उडी मारणारे तिथेच बुडतात. ठोकळ्यांचा एक फेरा नीट पाहा; हवा संपत आल्याची खूण म्हणून संगीत बदलून ५ पासून उलटे आकडे दिसू लागले, तरी वर निसटण्याइतका वेळ असतो.

सात एमराल्ड (विशेष टप्प्यांत मिळणारी रत्ने) मिळवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.