युद्धात गेलेल्या, रक्ताचं नातं नसलेल्या सैनिकाची आठवण लोक का ठेवतात? तुम्ही असं कुणी पाहिलंय का?

पाहिलंय. इंग्लंडमध्ये, शेफिल्डला.

मी तिथं पीएचडीला होतो. खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एंडक्लिफ पार्क. बदकांचं तळं, एक ओढा, एक कॅफे. कॅफेच्या मागं झाडीचा चढ सुरू होतो, तिथं एक ओबडधोबड दगड आहे. पहिले दोन महिने मी त्याच्या बाजूनं नुसता जायचो. एकदा पावसानं गाठलं म्हणून झाडाखाली थांबलो आणि दगडावरची पाटी वाचली. दहा नावं होती.

२२ फेब्रुवारी १९४४. ‘मी आमिगो’ (स्पॅनिशमध्ये ‘माझा मित्र’) नावाचं अमेरिकन बी-१७ बॉम्बर नॉर्थॅम्प्टनशरमधल्या चेल्व्हस्टन तळावरून निघालं होतं. लक्ष्य होतं जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमधला ऑलबोर्गचा विमानतळ. जर्मन लढाऊ विमानांनी त्याची पार चाळण केली. तरी ते उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडपर्यंत आलं, पण आलं ते भलतीकडेच. तळ शंभराहून जास्त किलोमीटर लांब राहिला आणि विमान ढगातून शेफिल्डवर निघालं. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते बागेमागच्या त्या झाडीत कोसळलं. दहापैकी एकही वाचला नाही.

पायलट जॉन क्रीग्सहाउझर मिसुरीचा, वय २३. म्हणजे मी पाटी वाचत उभा होतो तेव्हा माझ्याहून लहान. चार्ल्स टटल केंटकीचा. त्याची जागा विमानाच्या पोटाखाली लटकणाऱ्या गोलात. गुडघे छातीशी घेऊन तासन् तास बसायचं, पायाखाली काच, काचेखाली समुद्र, आणि हातात मशीनगन. शेपटीत एकटा बसणारा मॉरिस रॉबिन्स टेक्सासचा. शेफिल्ड नावाचं गाव आहे हे तरी त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी बागेत काही मुलं होती. त्यातला टोनी फोल्ड्स तेव्हा आठ वर्षांचा. त्याचं म्हणणं असं, की पायलटला हिरवळीवर उतरता आलं असतं, पण तिथं आम्ही होतो म्हणून तो झाडीत गेला. पायलटनं खरंच मुलांना पाहिलं का, हे सांगायला विमानातलं कुणी उरलं नाही. पण पोराच्या मनानं जे धरलं ते धरलं. आपल्यामुळे दहा जण गेले, हे ओझं तो म्हातारपणापर्यंत वागवत आला. दगड बसवला १९६९ साली, आणि पुढं तिथली झाडलोट, फुलं, झेंडे हे त्यानं स्वतःचं काम करून टाकलं.

२०१९च्या जानेवारीत बीबीसीच्या एका निवेदकाची बागेत त्याच्याशी गाठ पडली आणि गोष्ट देशभर झाली. २२ फेब्रुवारीला, बरोबर ७५ वर्षांनी, ब्रिटिश आणि अमेरिकन हवाई दलाची विमानं बागेवरून गेली. सकाळी पावणेनऊची वेळ, कामाचा दिवस, आणि बागेत हजारो माणसं. मीही होतो, कुणाच्या तरी छत्रीच्या काडीपासून डोळा वाचवत. विमानं आली म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. खरं सांगायचं तर मला त्या गडगडाटापेक्षा झाडूचंच जास्त अप्रूप वाटलं. विमानं एक दिवस येतात. पालापाचोळा रोज पडतो.

‘आठवण का ठेवतात’ याचं उत्तर मला तिथं उभं असताना आमचे वडील, अण्णा, करायचे त्या तर्पणात सापडलं. आजोबा-पणजोबांची नावं घेऊन झाली की शेवटी एक ओंजळ अशांसाठी सोडतात, ज्यांना बाप नाही, भाऊ नाही, मुलगा नाही, गोत्रातलं कुणीच नाही. लहानपणी मला वाटायचं, हे पाणी उगीच वाया. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “अरे, त्यांचं कोण करणार मग?” तेविशीत गेलेल्या पोराचं कोण करणार? आईबाप अमेरिकेत, तेही कधीच गेले असतील. मग ज्याच्या दारात तो पडला त्यानंच करायचं. फोल्ड्सला आपल्या पोटात अपराध वाटत होता म्हणून त्यानं केलं, हे कबूल. पण मला तर काही अपराध वाटायचं कारण नव्हतं, तरी मी पुढं त्याच वाटेनं जायला लागलो.

दगडाजवळ अमेरिकन ओकची झाडं लावली आहेत. हिवाळ्याआधी त्यांची पानं लालभडक होतात आणि दगडाच्या पायथ्याशी साचतात. बुटानं ढकलायला बरं वाटायचं नाही, म्हणून वाकून हातानं बाजूला करायचो आणि नावं म्हणायचो. क्रीग्सहाउझर, कर्टिस, हम्फ्री, हर्नांडेझ, एस्टाब्रुक्स, मेफिल्ड... पुढच्या चौघांचा क्रम माझा अजून चुकतो.