आरतीचं ताट

बेटा,

शनिवारी गाडीत तू विचारलंस, "बाबा, मी ताट घेतलं नाही म्हणून तुला माझी लाज वाटली का?" आणि मी रेडिओ लावला. चुकलंच माझं. दोन दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून राहिलोय. मराठीतच लिहितो, अडलं तर आईला विचार.

मंडळाच्या गणपतीत त्या काकू ताट तुझ्या हातात द्यायला आल्या, तू "नको काकू" म्हणून हात मागे घेतलास आणि त्या हसत हसत म्हणाल्या, मग तू कसली गं मराठी. बाई वाईट नाहीत, नाताळात आपल्याकडच्या करंज्या डबाभर घेऊन जातात. पण ते वाक्य मलाच जास्त लागलं, कारण आपण ख्रिस्ती म्हणून लहानपणी आमच्या गावात ते वेगळ्या शब्दांत ऐकलंय, "तुमी तं इंग्रजाचे". इंग्रजांचे म्हणे! अगं, स्टीफन हिस्लॉप मिशनचं काम घेऊन नागपूरला आला 1845 ला, तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं, इंग्रजांनी ते खालसा केलं त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, आणि तो माणूस स्कॉटलंडचा. नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला म्हणून काय त्यांची मराठी सुटली? त्यांची भजनं आम्ही टाळ-पेटीवर म्हणायचो. अर्थात हे सगळं मी तेव्हा कोणाला सुनावलं नाही, आज तुझ्यासमोर शूरपणा चाललाय.

तुला पोळ्याचं सांगतो. हिंगणघाटकडचं आपलं गाव तू एकदाच बघितलंस, तेही मे महिन्यात, त्यामुळे पोळा तुला फोटोतलाच. आपली बैलजोडी होती, हरण्या आणि कैऱ्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबाजी गरम पाणी घेऊन बसायचे, आणि जू घासून घासून बैलाच्या मानेवर जो घट्टा पडतो ना, जाड, केस गेलेला, त्याच्यावर हळद आणि तूप चोळायचे, अंगठ्यानं, खूप वेळ. हरण्या डोळे मिटून घ्यायचा. मग आबाजी त्याच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गावात सगळेच म्हणतात तसं. एकदा बाहेरून एक उपदेशक आले होते, ते म्हणाले हे पण सोडा, बैल सजवणं वगैरे. आबाजी त्यांनापण नाहीच म्हणाले.

फक्त कुंकू तेवढं लावायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मारुतीसमोर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावाचे बैल उभे राहायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, व्हायच्या, पूजेचं ताट एकेका जोडीपुढे यायचं, आणि आबाजी रांगेच्या शेवटी कासरा धरून म्हणायचे, "माह्या बैलाले राहू द्या." बस एवढंच. बरीच वर्षं कोणी काही बोललं नाही.

मी नऊ वर्षांचा होतो त्या वर्षी पावसानं दडी मारली, पऱ्हाटी सुकून चालली होती. पोळ्याच्या आदल्या रात्री चार-पाच जण ओसरीवर येऊन बसले, सगळे ओळखीचे, त्यातल्या एकाच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालो. ते म्हणाले, लोकं म्हणतेत तुह्या बैलाले कुंकू लागत नाही म्हणून पाणी रुसलं. "कपाळ बैलाचं हाय, तुह्यं नाही. एक बोट लाव अन् मोकळा हो." आबाजी म्हणाले, "नाही जमत ना बाप्पा," आणि आईला चहात दूध जास्त टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बैल घेऊन गेलेच, शेवटी उभे राहिले. नंतर दारोदार बैल नेतात, लोक त्यांना खाऊ घालतात, हातावर बोजारा, म्हणजे थोडे पैसे, ठेवतात. आम्ही चौथ्या घरावरून परत आलो. तीन दारं बंद होती आणि चौथं आमच्यासमोर लागलं. आईच्या पुरणपोळ्या बैलांनी आपल्याच दारात खाल्ल्या. रात्री बौद्ध वस्तीतल्या माझ्या दोस्ताचे वडील तेवढे आले जेवायला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हापासून त्यांच्याही घरी देवाला हात जोडणं बंद होतं. ते जय भीम म्हणायचे, आबाजी सलाम म्हणायचे. त्या रात्री दोघं पावसाबद्दलच बोलले.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. पुढच्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचा, लाकडी बैल चाकांवर ओढत न्यायचे. मला आदल्या दिवशीची ती बंद दारं नको होती गं. मी माझ्या बैलाच्या कपाळावर कुंकू लावून घेतलं, हात जोडले, खाऊचे पैसे घेतले, आणि घराच्या कोपऱ्यावर येऊन बैल शर्टाच्या टोकानं पुसला. आईनं शर्ट धुताना तो लाल डाग पाहिला. साबण घासत राहिली, एक शब्द बोलली नाही. डाग फिकट झाला, गेला नाही, वर्षभर तोच शर्ट शाळेत घातला.

तर शनिवारी मी गप्प बसलो तो या शर्टामुळे. तुझी लाज? नाही गं. तू अकरा वर्षांची, पूर्ण हॉलसमोर, आणि आवाजपण चढवला नाहीस.

पण खरं सांगू, आबाजींचं बरोबरच होतं असं मी आजही छातीठोक म्हणू शकत नाही. एका बोटानं काय झालं असतं, आईची तीन दारं तरी उघडी राहिली असती. बायबलात तो नामान नाही का, राजाबरोबर दुसऱ्या देवाच्या देवळात वाकावं लागेल, माफ करा म्हणतो, आणि अलीशा त्याला झापत नाही, सुखानं जा म्हणतो. मी त्या नामानच्या गटातला. तू बहुतेक आबाजींवर गेलीस. पुढच्या वर्षी तुला ताट धरावंसं वाटलं तर तेही मला येऊन सांग, मी उपदेश करणार नाही, प्रयत्न तरी करीन. आणि मंडळात जाणं सोडू नकोस, ढोल तूच बरा वाजवतेस.

तो लाकडी बैल मागच्या ट्रिपला घेऊन आलोय. बेसमेंटमध्ये निळ्या सुटकेसमध्ये आहे, एक चाक नाही त्याला. बघायचा असेल तर काढून ठेवतो.

सलाम,
बाबा