वाचकांचे प्रश्न : करंट मोजणारा अ‍ॅम्प्लिफायरच सेल संपवतो तेव्हा

प्रश्न : माझा सेन्सर सीआर२०३२ या बटन सेलवर चालतो. बहुतेक वेळ तो निद्रावस्थेत असतो आणि जागा झाला की ०.५ ते १० मिलिअँपिअर करंट घेतो. हा करंट मोजण्यासाठी ग्राउंडच्या बाजूला ०.१ ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेला छोटा रेझिस्टर) आणि त्यावरचा व्होल्टेज वाढवणारा एलएम३५८ हा ऑप-अँप, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चिप, लावला आहे. मात्र आकडे विश्वासार्ह येत नाहीत आणि सेलही लवकर उतरतो. ०.६ मायक्रोअँपिअरवर चालणारा एमसीपी६०४१ हा ऑप-अँप बसवल्यास दोन्ही अडचणी सुटतील का?

उत्तर : सेल टिकेल, पण आकडे सुधारणार नाहीत. एलएम३५८ साधारण अर्धा मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक घेतो आणि सुमारे २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल केवळ तेवढ्यानेच अठरा-एकोणीस दिवसांत रिकामा होतो, त्यामुळे तो काढणे योग्यच आहे. परंतु ०.१ ओहमच्या शंटवर १ मिलिअँपिअरला अवघे १०० मायक्रोव्होल्ट मिळतात, तर एमसीपी६०४१ चा इनपुट ऑफसेट, म्हणजे इनपुटवरची त्याची स्वतःची व्होल्टेजची चूक, ३ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणजे ३० मिलिअँपिअरइतकी चूक, तीही आपला सर्वाधिक करंट १० मिलिअँपिअर असताना. कमी विजेचा ऑप-अँप शोधताना नजर साहजिकच त्याच्या स्वतःच्या करंटवर जाते. माझ्या मते डेटाशीटमध्ये आधी ऑफसेटचा कमाल आकडा पाहावा.

एलपीव्ही८२१ सारखा झिरो-ड्रिफ्ट (स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करणारा) ऑप-अँप ६५० नॅनोअँपिअरवर चालतो आणि त्याचा कमाल ऑफसेट १० मायक्रोव्होल्ट आहे. त्यासोबत शंट १ ओहमचा केला, तर चूक १० मायक्रोअँपिअरवर येते.

यानंतर फीडबॅकच्या रेझिस्टरांकडे, म्हणजे आउटपुटपासून ग्राउंडपर्यंतच्या ज्या साखळीने गेन (व्होल्टेज किती पट वाढवायचा ते) ठरतो तिच्याकडे, पाहणे अगत्याचे आहे, कारण बचत बहुधा तिथेच वाया जाते. आउटपुट १ व्होल्ट असताना या साखळीचा एकूण रोध १०० किलोओहम असेल, तर तिच्यातून १० मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे ऑप-अँपच्या स्वतःच्या करंटच्या पंधरापट. साखळी १ मेगाओहमची केल्यास हा आकडा १ मायक्रोअँपिअरवर येतो; त्याहून फार वर गेल्यास बोर्डावरील ओलावा आणि नॉइज त्रास देऊ लागतात.

कमी विजेची खरी किंमत वेगात मोजावी लागते. एलपीव्ही८२१ चा गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन गुणिले बँडविड्थ, म्हणजे किती वेगाचे बदल तो टिपू शकतो ती मर्यादा) ८ किलोहर्ट्झ आहे, त्यामुळे शंभरपट गेन ठेवल्यास बँडविड्थ जेमतेम ८० हर्ट्झ उरते आणि आउटपुट चढायला चार मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. सेन्सर दोनच मिलिसेकंद जागा राहत असेल, तर करंटच्या शिखराचा खरा आकडा हाती लागणारच नाही. म्हणून शंट १० ओहमचा आणि गेन दहापट ठेवावा, असे मी सुचवीन. आउटपुट तेवढेच राहते, बँडविड्थ ८०० हर्ट्झ होते आणि ऑफसेटची चूक १ मायक्रोअँपिअरवर उतरते. शिखराला शंटवर ०.१ व्होल्ट पडेल. सेलचा अंतर्गत रोध मुळात साधारण १० ओहम किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे सेल उतरत आल्यावरही सेन्सरला पुरेसा व्होल्टेज मिळतो का, एवढे तपासून घ्यावे.